पाटीवर वाळत घातलेला टॉवेल

‘येथे पोहण्यास सक्त मनाई आहे’ अशी पाटी होती आणि त्या पाटीवर कुणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता. ‘सक्त’ हा शब्द नेमका टॉवेलखाली गेल्यामुळे दुरून वाचणाऱ्याला मनाई जरा मवाळ वाटत होती. पाटीपलीकडे वाळू, वाळूपलीकडे धरणाचं पाणी आणि पाण्यात साठ-सत्तर तरी माणसं. कडेवर बाळ घेतलेल्या आया, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले आजोबा, एकमेकांची डोकी पाण्यात दाबणारी पोरं. आम्हीही त्यांच्यातलेच. घरच्या सगळ्यांनी मिळून एक दिवस पाण्याकाठी काढायचा, एवढाच बेत होता. पाटी आम्हीही वाचली आणि वाचून पाण्यात उतरलो. हे आधीच कबूल करतो, कारण पुढे जे म्हणायचं आहे ते कोरड्या पायांनी काठावर उभं राहून म्हणण्यात अर्थ नाही.

माझं म्हणणं असं, की ती पाटी पोहणाऱ्याला वाचवायला लावलेली नसते, लावणाऱ्याला वाचवायला असते. उद्या काही झालं तर ‘आम्ही सूचना दिली होती’ म्हणायची सोय. ज्या जलाशयावर माणसं येणारच आहेत, तिथे पोहण्यासाठी एक तुकडा आखून आणि राखून दिला पाहिजे. आणि जिथे पोहणं खरोखरच चालण्यासारखं नाही, तिथे ते कुणालाच करता येऊ नये असा बंदोबस्त पाहिजे. मनाई आहे आणि सगळे पोहताहेत, ही जी मधली अवस्था आपण अंगवळणी पाडून घेतली आहे, तिच्याइतकी घातक दुसरी कुठलीच नाही.

का ते कळायला आधी हा काठ काय चीज आहे ते बघावं लागेल. जलाशयाची वाळू समुद्रकिनाऱ्यासारखी दिसते, म्हणून आपण तिथे समुद्रकिनाऱ्यासारखं वागतो. पण हा किनारा नव्हे, ही पाण्याने भरलेली दरी आहे. दरीच्या उताराचा जो भाग आज योगायोगाने पाण्याच्या रेषेवर आला आहे, त्याला आपण काठ म्हणतो. समुद्राने हजारो वर्षं लाटांनी घासून आपला उतार करून घेतलेला असतो. इथे ती घासणी झालेलीच नसते. म्हणून दहा पावलं गुडघाभर पाणी लागतं आणि अकराव्या पावलाला पाय टेकत नाही. खाली एखाद्या शेताचा बांध असेल, तोडलेल्या झाडांचे बुंधे असतील, विहीर असेल, खचलेल्या रस्त्याची कड असेल. वाळू तर बरेचदा बाहेरून आणून पसरलेली असते. ती जिथे संपते तिथून गाळ सुरू होतो, आणि गाळात रुतलेला पाय उपसायला पोटरीएवढ्या पाण्यातही मोठ्या माणसाची दमछाक होते.

या वाळूची एक गंमत मला फार दिवस पुरली आहे. नदी आपली वाळू समुद्राकडे नेत असते. धरण ती वाटेत अडवतं, त्यामुळे खाली मुखाजवळचे समुद्रकिनारे उपाशी पडतात आणि झिजू लागतात. मग त्याच धरणाच्या काठावर आपण दुसरीकडून ट्रकने वाळू आणून ओततो आणि तिला बीच म्हणतो. जगात वर्षाला सुमारे ५,००० कोटी टन वाळू आणि खडी वापरली जाते, असं संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२२ साली म्हटलं होतं. त्यात या चार ट्रकांचा हिशेब तो काय. पण आधी अडवायचं आणि मग ओतायचं, यातला विनोद काही कमी होत नाही.

समुद्राची भरती-ओहोटी पंचांगात सापडते. जलाशयाचं पाणी कधी चढेल आणि कधी उतरेल, हे कुठल्या तरी कार्यालयात ठरतं: शेतीचं आवर्तन सुटलं, वीज हवी झाली, शहराची तहान वाढली. मागच्या महिन्यात जिथे छातीएवढं पाणी होतं तिथे आज भेगाळलेली जमीन असते. पोहण्याची हद्द दाखवण्यासाठी तरंगत्या गोळ्यांची दोरी बांधलेली असते, ती मी चिखलात आडवी पडलेली पाहिली आहे. मुलं तिच्यावर उड्या मारत होती आणि मोठी माणसं ती ओलांडून, हद्दीच्या बाहेर, पाण्यात होती. त्यांनी तरी काय करावं? हद्दीच्या आत पाणीच नव्हतं. म्हणजे दोरी एकदा बांधून भागत नाही, पाण्याबरोबर ती हलवत राहणारा माणूस लागतो. हा माणूस माझ्या सगळ्या म्हणण्याचा कणा आहे.

आता खुद्द पाणी. उन्हाळ्यात वरचं पाणी तापतं, तापलं की हलकं होतं आणि वरच राहतं. खालचं गार पाणी खाली पडून असतं आणि वारा फारसा नसेल तर दोन्ही थर एकमेकांत मिसळत नाहीत. छातीला कोमट लागणाऱ्या पाण्यात पायाच्या बोटांना एकदम कळ लागते ती यामुळेच. थंड प्रदेशात हा फरक जीवघेणा ठरतो. साधारण १५ अंशांखालच्या पाण्यात अचानक शरीर गेलं की माणूस आपोआप एक मोठा श्वास ओढतो. त्यावर इच्छेचा ताबा चालत नाही. तो श्वास ओढताना तोंड पाण्याखाली असलं तर खेळ तिथेच संपतो, मग तुम्ही कितीही पट्टीचे पोहणारे असा. हा झटका एक-दोन मिनिटांत ओसरतो, म्हणून अशा वेळी हातपाय न मारता आधी नुसतं उताणं तरंगत राहा, असं जीवरक्षक सांगतात. शिवाय गोडं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा अडीच टक्क्यांच्या आसपास कमी घन असतं. आकडा किरकोळ वाटतो. पण माणसाचं शरीर पाण्याहून जड की हलकं हा मामलाच मुळात काठावरचा असल्यामुळे, समुद्रात ज्याचं नाक सहज वर राहतं त्याला इथे ते वर ठेवायला कष्ट पडतात.

आमची सहाएक वर्षांची भाची त्या दिवशी अशीच अकराव्या पावलावर गेली. काठावर आम्ही आठ मोठी माणसं होतो आणि आठही जणांची अशी खात्री होती की दुसरं कुणीतरी तिच्याकडे बघतंय. शेजारच्या कुटुंबातल्या एका बाईंनी तिला दंडाला धरून वर ओढलं. आम्हाला कळलं ते त्या बाई ओरडल्या तेव्हा. भाचीच्या तोंडून आवाज फुटलाच नव्हता.

तो फुटतच नाही. बुडणारा माणूस हात उंचावून ‘वाचवा, वाचवा’ ओरडतो, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं चित्र चुकीचं आहे. फ्रान्सेस्को पिया नावाच्या अमेरिकन जीवरक्षकाने गर्दीच्या किनाऱ्यावर प्रत्यक्ष बुडणाऱ्यांचं चित्रीकरण बारकाईने पाहिलं आणि त्यांच्या हालचालींची नोंद केली. तोंड पाण्यावर येतं, खाली जातं, पुन्हा येतं. वर असतं तेवढ्या वेळात श्वास घ्यायचा की हाक मारायची, यात शरीर श्वास निवडतं. हात बाजूला पसरून पाणी खाली दाबत राहतात, त्यामुळे हलवून इशारा करणं जमतच नाही. हे सगळं २० ते ६० सेकंद चालतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, पोरगं खेळतंय.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसं बुडून मेली. १ ते ४ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बुडणं चौथं आहे, ५ ते १४ वर्षांच्या मुलांत तिसरं. याच अहवालात एक चांगली गोष्टही आहे: २००० सालापासून बुडून मरण्याचा दर ३८ टक्क्यांनी उतरला. म्हणजे हे नशिबावर ढकलून हात झटकण्यासारखं प्रकरण नाही, प्रयत्नांनी कमी होणारं आहे.

मग पाटी यात काय करते? पाटीने लोक घरी परत जात नाहीत. रखवालदाराने शिट्टी मारली तर ते टेकाडाला वळसा घालून पलीकडच्या ओहोळात उतरतात, जिथे त्यांच्याकडे बघायला शेजारच्या बाईसुद्धा नसतात. हे एक झालं. त्याहून वाईट गोष्ट सहसा बोलली जात नाही. एकदा कागदावर ‘इथे कुणी पोहत नाही’ असं ठरलं, की पोहणाऱ्यांसाठी काहीही करणं हा त्या कागदाचा भंग होतो. जीवरक्षक नेमता येत नाही, कारण तो कुणाचं रक्षण करणार? दोरी बांधता येत नाही, खोली दाखवणारे खांब रोवता येत नाहीत, पाणी तपासून आकडे लावता येत नाहीत. फेकायची रिंग टांगली तर ‘म्हणजे लोक उतरतात हे तुम्हाला ठाऊक होतं’ असा प्रश्न येईल, म्हणून रिंगही नाही. मनाई पोहणं थांबवत नाही आणि पोहणं सुरक्षित करण्याची प्रत्येक वाट मात्र बंद करते.

तरीही मनाईच्या बाजूने एक मुद्दा असा आहे की तो मला मान्यच करावा लागतो: हे पाणी लोक पितात. इथे भाबडेपणा उपयोगाचा नाही. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जंतू क्लोरीनला दाद देत नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात तो नळाच्या पाण्यातून पसरला आणि अंदाजे ४ लाख ३ हजार लोक आजारी पडले. तिथे तो पाण्यात कसा शिरला हा वेगळा वाद आहे, पण पोट बिघडलेलं एखादं लंगोटातलं मूल पाण्यात बसवलं तरी असे जंतू पाण्यात जातात, हे खरं.

पण मग उत्तर प्रत्येक जलाशयासाठी वेगळं निघतं आणि ते शोधण्याचे कष्ट घ्यावे लागतात. मॅसॅच्युसेट्समधला क्वाबिन जलाशय बॉस्टन परिसराला पाणी पुरवतो आणि ते पाणी गाळणीतून न जाता फक्त निर्जंतुक करून नळाला येतं. तिथे पोहणं तर सोडाच, पाण्यात चालणंसुद्धा बंद आहे. हे मला पटतं. गाळणी नसेल तर पाणलोट राखणं हीच गाळणी. इंग्लंडमधला रटलंड वॉटर हाही पिण्याच्या पाण्याचा जलाशय, पण ते पाणी नळाला जाण्याआधी शुद्धीकरण केंद्रातून जातं आणि त्याच्या काठावर पोहण्याचा अधिकृत, राखलेला वाळूचा तुकडा आहे. पाणी कुठून उचललं जातं, पोहण्याची जागा तिथून किती लांब आहे, मधे शुद्धीकरण कसलं आहे, हे बघून एकाने नाही म्हटलं आणि दुसऱ्याने हो. दोन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत. आपली पाटी मात्र यातलं काहीच न बघता लावलेली असते आणि खोटेपणा आहे तो तिथे.

या दोन जलाशयांत आणखी एक साम्य आहे. क्वाबिनसाठी १९३८ साली चार गावं कायद्याने संपवली गेली. रटलंडच्या पाण्याखालीही जुनी वस्ती आहे. धरणांवरच्या जागतिक आयोगाने २००० साली अंदाज केला होता की मोठ्या धरणांनी जगभरात ४ ते ८ कोटी माणसं उठवली. ती उठवताना प्रत्येक ठिकाणी ‘सार्वजनिक हित’ हाच शब्द वापरला गेला. सार्वजनिक म्हणून जमीन घेतली, सार्वजनिक पैशाने भिंत बांधली, तर त्या पाण्यात सार्वजनिक पाय भिजवायचा म्हटल्यावर तेवढीच एक गोष्ट खासगी का होते? सहलीला आलेल्या कुटुंबाची काठावर मेहेरबानी म्हणून सोय करायची नसते. जलाशयावर त्यांचा हक्क पोचतो.

खर्च हा दुसरा आक्षेप. जलाशयाचा काठ कित्येक किलोमीटर असतो, तिथे माणसं किती नेमणार? सगळ्या काठावर नेमायला कुणी सांगितलंय? शंभर मीटर पुरे. उताराची पाहणी करून, तळ साफ करून, भिंतीपासून, सांडव्यापासून आणि पाणी उचलण्याच्या मनोऱ्यापासून लांब असा एक तुकडा निवडायचा. सुट्टीच्या दिवशी ठरलेल्या वेळात तिथे जीवरक्षक. बाकी वेळ आणि बाकी काठ बंद. लोकांना चांगली जागा मिळाली की ते वाईट जागी कमी जातात, एवढी माणसाची पारख मला आहे. सगळेच ऐकतील असं नाही. आणि हेही खरं की जागा चांगली केली की गर्दी वाढेल, पूर्वी जे आलेच नसते तेही येतील, आणि जीवरक्षक घरी गेल्यावर संध्याकाळी सातला उतरणारेही निघतील. हा धोका मी नाकारत नाही. पण आज कुठल्याच वेळी कुणीच नसतं, त्यापेक्षा तो कमी आहे.

तेवढाही पैसा नसेल तर काही गोष्टी अगदी किरकोळ खर्चाच्या आहेत. खोलीचे रंगीत खांब. लांब दोर बांधलेली रिंग आणि एक लांब बांबू. बुडणाऱ्याला वाचवायला उडी घेणारा बाप किंवा भाऊच बुडतो, ही बातमी आपण इतक्यांदा वाचली आहे की तिच्यावरून नजर घसरते. बुडणारा जे हाताला लागेल त्याला मिठी मारतो, त्यात आडदांड माणूसही खाली जातो. म्हणून काठावरून बांबू पुढे करायचा, नाही पोचला तर काहीतरी तरंगणारं फेकायचं, आणि पाण्यात जाणं सगळ्यात शेवटी. बाहेर काढलेल्याचा श्वास बंद असेल तर नुसती छाती दाबून पुरत नाही, आधी तोंडाने श्वास द्यावे लागतात, कारण त्याच्या शरीरातला प्राणवायूच संपलेला असतो. या चार ओळी ‘सक्त मनाई’च्या जागी मोठ्या अक्षरांत लिहायला रंग तेवढाच लागतो.

पाणी तपासणं थोडं खर्चाचं आहे, पण अवघड नाही. युरोपीय संघाच्या २००६ सालच्या नियमांनुसार नदी-तलावांतल्या पोहण्याच्या जागा ठरावीक काळाने तपासतात. ‘उत्कृष्ट’ या वर्गात बसायला १०० मिलिलिटर पाण्यात ‘ई. कोलाय’ हे विष्ठेतून येणारे जिवाणू ५००च्या आत असावे लागतात आणि जागेचा वर्ग तिथेच काठावर लावावा लागतो. निळ्या-हिरव्या शेवाळाला तर प्रयोगशाळेचीही वाट बघायला नको. पाण्यावर हिरवा रंग सांडल्यासारखा तवंग दिसला की त्या दिवशी पाण्यात पाय घालायचा नाही. हे शेवाळ विष सोडू शकतं आणि ते विष उकळून जात नाही. वारा हा तवंग लोटून नेमका एखाद्या काठाशी गोळा करतो, म्हणून सकाळी स्वच्छ दिसलेला किनारा दुपारी वाईट असू शकतो. म्हणजे पुन्हा तेच: रोज येऊन बघणारा माणूस हवा. त्याने काठावर रोज लिहायच्या गोष्टी मोजून चार: आजची तारीख, आजची पातळी, पाणी कसं आहे, पाय कुठवर टेकतो. आमच्या पाटीवर तारीख नव्हतीच. ती कुणी लावली ते सांगणारी खालची ओळसुद्धा उन्हाने उडून गेली होती.

कुटुंबांची जबाबदारी काहीच नाही का? आहे, आणि आमच्या आठ जणांची त्या दिवशी जी शोभा झाली त्यानंतर मला त्यावर तावातावाने बोलायचा अधिकार नाही. आता आम्ही पाळी लावतो. पंधरा मिनिटं एकाची, हातात फोन नाही, गप्पा नाहीत, फक्त मुलं मोजायची, आणि उठताना दुसऱ्याचं नाव घेऊन सांगायचं, ‘आता तू.’ दंडात घालायच्या फुग्यांवर आणि हवा भरलेल्या बदकांवर भरवसा ठेवत नाही, कारण दरीत वारा सुटला की ते मुलाला काठापासून दूर घेऊन जातात. एवढं आम्ही करू शकतो. तळाशी विहीर आहे की नाही हे मात्र कुठल्याही आईबापाला काठावरून दिसत नाही. ते ज्याला ठाऊक आहे त्याने सांगायचं असतं.

ठाऊक असलेला एक माणूस आम्हाला संध्याकाळी भेटला. रखवालदार होता, वयस्कर. टॉवेलवाल्यांनी टॉवेल काढून नेला होता आणि पाटी पुन्हा पूर्ण वाचता येत होती. त्याने आधी आम्हाला झापलं, पाटी दिसत नाही का म्हणून. दिसली, म्हटलं. मग भाचीकडे बघून त्याचा आवाज उतरला. “पोरं घेऊन परत आलात तर इथं उतरू नका. इथं खाली जुनी विहीर आहे. ते वाकलेलं झाड दिसतंय ना, त्याच्या डाव्या अंगाला जा. तिथं लांबवर गुडघ्याच्या वर पाणी नाही.”

हे तुम्ही पाटीवर का लिहून ठेवत नाही, असं मी त्याला विचारलं.

“लिहिलं तर परवानगी दिल्यासारखं होईल ना, साहेब.”